बोलक्यांच्या घरी

मुक्याला बोलते करणे हा आपल्या देवादिकांचा मोठा आवडता चमत्कार आहे. गीतेच्या ध्यानश्लोकांत ज्या माधवाला आपण वंदन करतो, त्याच्या कृपेची पहिली खूण कोणती, तर तो मुक्याला वाचाळ करतो. पांगळ्याकडून डोंगर ओलांडविणे हे त्यानंतरचे. पैठणच्या ब्रह्मवृंदापुढे ज्ञानेश्वरांनी रेड्याच्या मुखातून वेद वदविल्याची कथा आपण लहानपणी ऐकतो, तेव्हाही आपल्याला नवल वाटते ते मुके जनावर बोलले याचेच. बोलणे म्हणजे मनुष्यत्व आणि न बोलणे म्हणजे काहीतरी उणे, ही समजूत आपल्यात इतकी मुरली आहे की, न बोलणाऱ्या माणसाची गोष्ट कोणी सांगू लागला तर तिचा शेवट आपण मनात आधीच ठरवून टाकतो. तो माणूस शेवटी बोलला पाहिजे. निदान बोलणाऱ्या कोणीतरी त्याला पदरी घेतले पाहिजे. या समजुतीचा विचार करावयास मला लावले ते कोणा पंडिताच्या ग्रंथाने नव्हे, तर रोज सायंकाळी घरोघर चालणाऱ्या दूरचित्रवाणीवरील कौटुंबिक मालिकांनी.

दारव्ह्यासारख्या तालुक्याच्या गावी सायंकाळचे सात वाजले की गल्लीतील प्रत्येक घरातून एकाच प्रकारचे आवाज येऊ लागतात. पडद्यावरची सासू कडाडली की तिचा शब्द चार ओसऱ्यांवरून एकदम ऐकू येतो. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश चालत जाणाऱ्या माणसालाही संवादातील एक शब्द चुकत नाही. ही सोय अर्थात कान असणाऱ्यांसाठी. मालिकेतील कुटुंब मुळी बोलण्यावरच जगते. कोणी कोणाचे बोलणे दाराआडून ऐकतो, कोणी ऐकलेले उलटे करून सांगतो, कोणी सांगावयाचे तेवढे नेमके सांगत नाही. आणि एवढ्या भांडवलावर कथानक वर्षानुवर्षे चालते. अशा बोलक्या घरात मुकी नायिका आणून बसविणे ही कल्पना धाडसाचीच म्हटली पाहिजे.

ते धाडस २०२० साली ‘स्टार प्रवाह’ या वाहिनीवर सुरू झालेल्या ‘मुलगी झाली हो’ या मालिकेने केले. दिव्या पुगावकर या अभिनेत्रीने तीत माऊ नावाच्या मुलीचे काम केले. मुलगी नको म्हणून गर्भातच तिचा घात करण्याचा प्रयत्न झाला. ती वाचली, पण तिची वाचा गेली, अशी तिची जन्मकथा. आपल्या समाजातील एका खऱ्या पापावर बोट ठेवणारी ही कल्पना होती, आणि माऊच्या डोळ्यांतील पाण्याने आमच्या गल्लीतील कित्येक पदर ओले केले, याचे श्रेय अभिनेत्रीला दिलेच पाहिजे. ती मालिका केव्हाच संपली. पण तिच्यातील एक गोष्ट माझ्या मनातून अजून गेलेली नाही. माऊला बोलता येत नसे. ऐकू मात्र सारे येत असे.

नाटककाराच्या दृष्टीने ही मोठी सोयीची गोष्ट आहे. ऐकू येणारी मुकी मुलगी घरातील सारी कारस्थाने ऐकते आणि ती कोणास सांगू शकत नाही. यातून उत्कंठा आपोआप वाढते. परंतु त्याहूनही मोठी सोय दुसरीच आहे. अशा मुलीसाठी घरातील कोणालाही आपली एकही सवय बदलावी लागत नाही. तिच्याकडे पाठ करून बोलले तरी चालते, स्वयंपाकघरातून हाक मारली तरी चालते, चौघे एकदम बोलले तरी चालते. ती ऐकते आहे, समजते आहे आणि सोसते आहे. घर पूर्वीसारखेच बोलत राहते.

प्रत्यक्षात ज्यांना आपण मुके म्हणतो, त्यांतील पुष्कळांची जीभ आणि कंठ तुमच्या-आमच्यासारखेच धडधाकट असतात. उणे असते ते कानात. मूल बोलावयास शिकते ते ऐकून. जे कधी ऐकलेच नाही ते ओठांवर यावे कोठून? म्हणूनच आपल्या भाषेत ‘मुका-बहिरा’ हा जोडशब्द रूढ झाला. २०११ च्या जनगणनेत ऐकण्याचे व्यंग असलेले सुमारे ५० लाख आणि बोलण्याचे व्यंग असलेले सुमारे २० लाख लोक या देशात मोजले गेले. म्हणजे कानाचा प्रश्न वाचेच्या प्रश्नाहून दुपटीने मोठा. तरी कथाकारांना मुकी नायिका हवी असते आणि बहिरी नको असते. मुकेपणात काव्य आहे, असे आपल्याला वाटते. बहिरेपणात आपल्याला दिसतो तो विनोद. रंगभूमीवरचा बहिरा म्हातारा विचारलेल्या प्रश्नाला भलतेच उत्तर देऊन प्रेक्षकांना हसवितो, आणि पडद्यावरची मुकी तरुणी रडविते. खरे बहिरे माणूस या हसण्या-रडण्याच्या मधल्या जागेत, कोणाच्या ध्यानी न येता, राहत असते.

असे एक माणूस माझ्या शेजारी राहते, म्हणून हे सारे मला सुचते. आज ती मुलगी एकोणीस वर्षांची आहे. जन्मतः तिला ऐकू येत नाही. जिल्ह्याबाहेरच्या एका निवासी शाळेत ती शिकत होती. २०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि ती चौदाव्या वर्षी घरी आली. वर्षाहून अधिक काळ घरीच राहिली. तुमच्या-आमच्या मुलांची त्या काळात शाळा बुडाली. तिची भाषा बुडाली. शाळेत पन्नास मुलींशी दिवसभर हातांनी बोलणारी ती पोर आता सात माणसांच्या घरात एकटी पडली. तिच्या खुणा समजणारा घरात एकच होता, तिचा धाकटा भाऊ. आणि त्याचे वय दहा वर्षांचे. इतरांना जेव, झोप, ये, जा आणि ‘असे करू नये’ एवढ्या पाच खुणा येत. पाच शब्दांवर मनुष्याने वर्ष कसे काढावे, याचा वाचकांनी क्षणभर विचार करावा.

पण ती गप्प बसणारी नव्हती. तिने गल्लीतील प्रत्येकाचे बारसे केले होते. आजीसाठी नाकपुडीला बोट लावावयाचे, कारण तिची खड्याची फुली. आजोबांसाठी मिशीला पीळ द्यावयाचा. आणि माझ्यासाठी कपाळावर दोन उभ्या आठ्या काढावयाच्या. असे नामकरण बहिऱ्या लोकांत जगभर चालते, हे मला पुढे वाचून कळले. ज्याला आपल्यात घेतले त्याला ते खुणेचे नाव देतात. माझे नाव फारसे गौरवाचे नाही. पण ते अचूक आहे, हे घरच्या मंडळींनी एकमताने मान्य केले.

त्याच वर्षी, सप्टेंबरात, ती मालिका सुरू झाली. सारे घर पडद्यापुढे बसे. आजी माऊसाठी हुंदके देई. आजीच्या गुडघ्याला टेकून ती मुलगीही पडद्याकडे पाही. मुकी नायिका काय सोसते आहे, तिच्याविषयी कोण काय बोलते आहे, हे त्या खोलीत ज्या एकाच व्यक्तीला कळत नव्हते, ती हीच. पडद्याखाली अक्षरे नव्हती. ती भावाला कोपराने ढोसून विचारी. तो पोर आपला रस सोडून अर्धे-मुर्धे सांगे. एकदा मी आजीला म्हटले, “आजी, तिलाही जरा सांगा की काय चाललंय ते.” डोळे पुसत आजी म्हणाली, “तिले काय समजते, भाऊ!” आजीच्या मनात तिळभरही दुष्टावा नव्हता. या पोरीवर तिचा जीव आहे. पडद्यावरच्या मुकीसाठी तिने जे अश्रू ढाळले, त्यांचा उगमही बहुधा याच पोरीत होता. परंतु करुणा किती सहज दाराबाहेर जाते आणि उंबऱ्याच्या आत किती उशिरा येते, याचे इतके स्पष्ट उदाहरण माझ्या पाहण्यात दुसरे नाही.

या अक्षरांचा एक जुना इतिहास आहे. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ दाखविला, तेव्हा पडदा मुका होता आणि कथेचा दुवा पाट्यांवरील अक्षरांनी जुळविला जाई. त्या नाट्यगृहात वाचता येणारा बहिरा मनुष्य ऐकणाऱ्याच्या शेजारी बरोबरीच्या नात्याने बसू शके. १९३१ साली ‘आलम आरा’ आला, १९३२ साली प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला, आणि चित्रे बोलू लागली म्हणून सर्वत्र आनंद झाला. मुक्याला वाचा फुटली, हे आपण कौतुकाने म्हणतो. त्याच दिवशी बहिऱ्यांच्या तोंडावर एक दार लागले, याची नोंद आपल्या चित्रपटाच्या इतिहासात कोणी करीत नाही. दूरदर्शनने १९८७ पासून बहिऱ्यांसाठी खुणांच्या भाषेत बातम्या देण्यास प्रारंभ केला. अपंगांच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला आणि दूरचित्रवाणीचे कार्यक्रम बहिऱ्यांना समजतील असे दाखविण्याविषयीचे नियम केंद्र सरकारने २०१९ साली काढले. कागद अशा रीतीने तयार आहे. आमच्या गल्लीतील सायंकाळच्या पडद्याखाली मात्र मला अद्याप अक्षरे दिसलेली नाहीत.

कोणी म्हणेल, करमणुकीच्या मालिकेकडून एवढी अपेक्षा कशाला? याचे उत्तर अमेरिकेतील एका मालिकेने दिले आहे. ‘स्विच्ड अॅट बर्थ’ हे तिचे नाव. २०११ ते २०१७ या काळात ती चालली. कथाबीज असे की, रुग्णालयात दोन मुलींची अदलाबदल होते आणि ती पंधरा-सोळा वर्षांनी उघडकीस येते. एक श्रीमंतांच्या घरी वाढलेली, दुसरी बेताच्या परिस्थितीतल्या आईकडे. आपल्याकडील कथांना ही अदलाबदल नवी नाही; नवे आहे ते पुढचे. गरीब आईकडे वाढलेली डॅफ्नी लहानपणच्या आजाराने बहिरी झालेली असते. श्रीमंत आईबापांना पोटची मुलगी परत मिळते खरी, परंतु तिच्याशी बोलावे कसे हे त्यांना ठाऊक नसते. मोठे घर, मोटारी, बाग, सारे काही आहे. फक्त मुलीशी बोलण्याइतके शब्द नाहीत. त्यांना या वयात खुणांची भाषा शिकावी लागते, चुकावे लागते, हसे करून घ्यावे लागते. आपल्या मालिकेतील मुकी मुलगी घराला काहीही शिकावयास लावीत नाही. ही बहिरी मुलगी साऱ्या घराला विद्यार्थी करून सोडते. माझ्या मते दोन्हींतील खरे अंतर हे आहे. पैशाचे आणि यंत्रांचे अंतर त्यापुढे गौण होय.

या मालिकेत शॉन बर्डी आणि मार्ली मॅटलिन हे खरोखर बहिरे नट होते. मॅटलिनबाईंना १९८७ साली अभिनयाचे ऑस्कर पारितोषिक मिळाले होते. २०१३ च्या मार्चमध्ये मालिकेचा एक भाग जवळजवळ संपूर्णपणे खुणांच्या भाषेत झाला. बहिऱ्यांची शाळा बंद पडू नये म्हणून विद्यार्थी तिचा ताबा घेतात, ही त्या भागाची कथा. वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट विद्यापीठात १९८८ साली बहिऱ्या विद्यार्थ्यांनी आपला कुलगुरू बहिराच असावा म्हणून जो लढा दिला आणि जिंकला, त्याची तीत आठवण होती. अशा प्रसंगांनी चित्रणाची रीतही बदलून टाकली. बोलणाऱ्या नटाचा केवळ चेहरा दाखविला तरी काम भागते. हातांनी बोलणाऱ्याचा केवळ चेहरा दाखविणे म्हणजे त्याचे तोंड दाबणे होय. म्हणून चौकट रुंद ठेवावी लागली, पात्रांना समोरासमोर बसवावे लागले, पाठमोरे बोलणे सोडावे लागले. ऐकणाऱ्या प्रेक्षकालाही नजर पडद्यावर ठेवून अक्षरे वाचावी लागली. भाजी निवडता निवडता ऐकण्याची सोय तेवढ्या वेळापुरती बंद झाली, आणि बहिऱ्या माणसाला आयुष्यभर जे लक्ष ठेवावे लागते, त्याची चव ऐकणाऱ्यांना एक तास मिळाली.

ही मालिका निर्दोष होती असे मात्र नाही. डॅफ्नीचे काम करणारी कॅटी लेक्लर्क ही बहिरी नव्हे. तिला कानाचा एक विकार आहे एवढेच. डॅफ्नी तोंडाने इंग्रजी बोलते आणि त्याच वेळी हातांनी खुणाही करते. यावर बहिऱ्या लोकांनी आक्षेप घेतला आणि तो रास्त होता. खुणांच्या भाषेचे व्याकरण स्वतंत्र आहे. एकाच श्वासात दोन भाषा बोलू गेल्यास एकीची मोडतोड होते, आणि मोडते ती नेहमी हातांची. मराठी लिहिता लिहिता तोंडाने कानडी बोलून पाहावे, म्हणजे हे ध्यानी येईल.

हातांची मोडतोड हा शब्द मी सहज वापरलेला नाही. १८८० साली इटलीतील मिलान शहरी बहिऱ्यांच्या शिक्षकांची एक परिषद भरली. जमलेले जवळजवळ सारे ऐकणारे होते. खुणांपेक्षा तोंडी भाषाच श्रेष्ठ, म्हणून शाळांत तीच शिकवावी, असा ठराव त्यांनी केला. आणि पुढे कित्येक पिढ्यांच्या मुलांचे हात वर्गात बांधल्यासारखे झाले. मुले वर्गात ओठ हलवून शब्द घोकीत आणि वसतिगृहात दिवा असेतो हातांनी बोलत. आपल्याकडेही पुष्कळ शाळांत तोंडी पद्धतीचाच आग्रह राहिला. त्या ठरावाबद्दल २०१० साली व्हँकूवर येथील परिषदेने खेद प्रकट केला. मधे १३० वर्षे गेली. मुक्याला वाचाळ करण्याच्या हौसेत त्याची असलेली भाषा काढून घेण्याचा हा प्रकार होता.

खुणांची भाषा म्हणजे हातवारे, हा समज तर सुशिक्षितांतही आढळतो. भारतात जी खुणांची भाषा चालते, तिच्यात प्रश्नार्थक शब्द वाक्याच्या शेवटी येतो. ‘तुझे नाव काय’ हा आपला क्रम तिला सहज मानवतो. ‘देणे’ या क्रियापदाची खूण देणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे सरकते. त्यामुळे कोणी कोणास दिले हे विभक्तीवाचून कळते. भुवया वर गेल्या की साधे वाक्य प्रश्न होते. अमेरिकेची भाषा वेगळी, आपली वेगळी. तेथे अक्षरे एका हाताने काढतात, आपल्याकडे दोन्ही हातांनी. दिल्लीत २०१५ साली स्थापन झालेल्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने २०१८ साली ३,००० शब्दांचा कोश काढला. २०२१ सालच्या तिसऱ्या आवृत्तीत शब्द १०,००० झाले. ज्या भाषेचा कोश तीन वर्षांत तिपटीहून वाढतो, ती भाषा दरिद्री कशी म्हणावी?

वास्तविक आम्हा वऱ्हाडातल्या लोकांना हातांच्या भाषेचे नवल वाटू नये. गुरांच्या बाजारात दोन व्यापारी रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव करतात. भोवती शंभर माणसे उभी असून एकाला आकडा कळत नाही. त्यांना कोणी मुके म्हणत नाही; उलट त्यांच्या चातुर्याची तारीफ होते. यवतमाळहून मूर्तिजापूरकडे जाणारी शकुंतला आमच्या गावावरून धावत असे. १९९४ पर्यंत तिला वाफेचे इंजिन होते आणि त्याच्या आवाजात माणसाचा शब्द ऐकू येणे अशक्यच. म्हणून गार्ड हिरवा बावटा दाखवी आणि साऱ्या गाडीचे प्राण त्या खुणेवर चालत. गार्डाने ओरडून का सांगू नये, असे कोणी विचारले नाही. जेथे कान निरुपयोगी होतात तेथे शहाणी माणसे डोळ्यांनी बोलतात, हे आपण जाणतो. फक्त कान निरुपयोगी असलेले माणूस आपल्या घरात जन्मले की हे शहाणपण आपल्याला आठवत नाही.

आता त्या मुलीच्या लग्नाची गोष्ट निघाली आहे, आणि म्हणूनच हा विषय माझ्या दृष्टीने केवळ पडद्यावरचा राहिलेला नाही. तिने स्वतःच मुलगा पाहिला आहे. तोही बहिरा आहे. शाळांच्या क्रीडास्पर्धेत दोघांची ओळख झाली. तो अमरावतीस छापखान्यात काम करतो. रोज रात्री ती दोघे दूरध्वनीच्या चित्रातून हातांनी तासन्‌तास बोलतात. घरच्यांचा मात्र विरोध आहे. त्यांच्या मनात ऐकता-बोलता जावई आहे. थोडा वयाने मोठा असला, थोडा गरीब असला तरी चालेल. “दोघंई मुके, मंग घरात बोलन कोन? लेकरू रडलं त ऐकू कोनाले येईन?” असे आजी विचारते.

आजीचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. गुलजार यांनी १९७२ साली ‘कोशिश’ हा चित्रपट काढला, त्यात हाच प्रश्न मध्यावर उभा आहे. संजीवकुमार आणि जया भादुरी यांनी रंगविलेले बहिरे जोडपे आपले पहिले मूल गमावते, कारण त्याचा धोका त्यांना ऐकू येत नाही. पण गुलजार तेथे थांबले नाहीत. ते जोडपे पुन्हा संसार मांडते, मुलगा वाढविते, शिकविते; आणि तो मुलगा मोठा झाल्यावर एका बहिऱ्या मुलीशी लग्न करावयास कचरतो, तेव्हा बाप त्याला त्याच्या आईची आठवण देतो. १९९६ च्या ‘खामोशी’त नाना पाटेकर आणि सीमा बिस्वास यांनी गोव्यातील असेच एक बहिरे जोडपे उभे केले. त्यात भांडणे आहेत, हट्ट आहेत, दारिद्र्य आहे. पण त्या दोघांत संवाद नाही असे एक क्षणही वाटत नाही. ही कामे ऐकणाऱ्या नटांनी केली, हा दोष त्यांत आहेच. तथापि बहिऱ्या माणसाला बहिरा जोडीदार हे दुर्भाग्यच, असे त्या चित्रपटांनी मानले नाही. ५० वर्षांपूर्वी पडद्यावर जे सांगून झाले, त्याच्याही मागे आपल्या मालिका गेल्या आहेत. तेथे मुकीचे भाग्य उजळते ते बोलक्या नायकाच्या हातून; आणि आमच्या गल्लीतील घरे त्याच भाग्याची वाट पाहत बसतात.

मी आजीला एवढेच सांगितले की, आजकाल मूल रडले की लुकलुकणारा दिवा मिळतो, आणि जेव्हा तो मिळत नव्हता तेव्हाही बहिऱ्या आया मुलाला कुशीशी घेऊन, त्याच्या छातीवर हात ठेवून निजत आणि मुले वाढत. बहुतेक बहिऱ्या जोडप्यांना ऐकणारीच मुले होतात, हेही सांगितले. आजीने ऐकून घेतले. मग तिने जे विचारले त्याचे उत्तर माझ्यापाशी तयार नव्हते. ती म्हणाली, “आन् ऐकनाऱ्याच्या घरी देली, त तिच्याशी बोलन कोन?” प्रश्न तिने स्वतःलाच केला असावा. एकोणीस वर्षे ऐकणाऱ्यांच्या घरात ती मुलगी राहिली, आणि तिच्याशी कोण बोलले, हे आजीहून अधिक कोणाला ठाऊक असणार?

अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ मार्थाज व्हिनयार्ड नावाचे एक बेट आहे. तेथील काही गावांत अनुवंशाने पुष्कळ लोक बहिरे जन्मत. आणि दोन शतकांहून अधिक काळ ऐकणारेही खुणांची भाषा बोलत. कोळी एका होडीतून दुसऱ्या होडीशी हातांनी बोलत. दुकानात, सभेत, प्रार्थनामंदिरात दोन्ही भाषा चालत. त्या परंपरेतील शेवटची बहिरी व्यक्ती १९५२ साली वारली. पुढे नोरा ग्रोस या विदुषीने तेथील वृद्धांकडून माहिती गोळा करून १९८५ साली ग्रंथ लिहिला. त्या वृद्धांना गावातले अमुक माणूस बहिरे होते की नाही हे आठवून सांगावे लागे. कोळी उत्तम होता, स्वभाव तापट होता, हे आधी आठवे. बहिरेपण घालविण्याचा एकही उपाय त्या बेटाने केला नव्हता. शेजाऱ्यांनी एक भाषा शिकून घेतली होती, एवढेच.

आपल्या मालिकांनी असे एक घर दाखवावे, असे मला फार वाटते. त्यांच्याच धंद्याच्या दृष्टीने ते फायद्याचे होईल. दाराआडून ऐकण्याची सोय राहणार नाही. पण भरल्या पंगतीत, वाढता वाढता, दोन जावांनी सासूविषयी हातांनी काय म्हटले आणि ती खूण सासूने कशी पकडली, यावर चार आठवडे सहज निघतील. बहिरे माणूस रागावते, खोटे बोलते, थट्टा करते, कोणाचे वैर धरते. हे सारे दाखविता येईल. पडद्यावर नेहमी सोसणारी मुकी पाहून पाहून ती चिडूही शकते, हे आपण विसरून गेलो आहोत.

तोवर आमच्या गल्लीत जे व्हावयाचे ते होईल. मुलाकडची मंडळी दिवाळीनंतर येणार आहेत. त्याचेही आईबाप ऐकणारे. म्हणजे बैठकीत ऐकणारे आठ आणि बहिरे दोन. मुलीने एक कागद लिहून वडिलांच्या हाती दिला आहे. मराठी ही तिची दुसरी भाषा. वाक्ये थोडी तुटक आहेत, पण अर्थ तुटक नाही. बैठक दिवसा उजेडी व्हावी, कारण दिवे गेले की तुमचे बोलणे चालूच राहते, आमचे थांबते. आम्ही दोघे कोपऱ्यात नाही, मध्ये बसू. कोणी पाठ करून बोलू नये. आणि माझ्या लग्नाचे मला विचारावयाचे ते माझ्या भावाला विचारू नये. मला विचारावे, आणि त्यासाठी प्रत्येकाने निदान तो एक प्रश्न हातांनी शिकून यावा.

तो प्रश्न कोणत्या खुणेने विचारतात हे मी तिच्या भावाकडून शिकून घेतले आहे. फार अवघड नाही.